दुसऱ्या गिअरची रिंग

चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढताना एका वळणावर तिसऱ्या गिअरचा दम संपतो आणि दुसरा घ्यावाच लागतो. २०२४ च्या जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून गेलेला, पुढे मालाने भरलेला ट्रक, मागे एसटी. मी नेहमीसारखा क्लच दाबला आणि लिव्हर मागे ओढली. कर्रर्र! ती खरखर नुसती ऐकू आली नाही, तळहातापासून कोपरापर्यंत चढली. पुन्हा क्लच दाबला, पुन्हा ओढली, तेव्हा कुठे गिअर पडला.

शेजारी आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत ३१ वर्षं चालक होते, त्यातली निम्मी तरी याच घाटात, कऱ्हाड-चिपळूण करण्यात गेली. ते काही बोलले नाहीत. काच चार बोटं खाली केली आणि बाहेर कान देऊन बसले. घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा बशीत चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "किती दिस झालं ह्याला?"

"सहा-सात महिने."

"आन् तू तशीच दामटतीयास?"

एवढंच बोलले. माझा मात्र चहा घशाखाली उतरेना. एसटी चालकाची मुलगी मी. लहानपणी आप्पांच्या गाडीत इंजिनच्या बोनेटशेजारी उभं राहून घाट पाहिलेली. माझ्या हातून गाडीचं असं हाल व्हावं याचं वाईट वाटत होतंच, त्याहून जास्त वाईट याचं वाटत होतं की सहा महिने गाडी सांगत होती आणि मी ऐकलं नव्हतं.

गाडी २०१६ ची, बाराशे सीसीची पेट्रोल, पाच गिअरची. २०१८ साली पुण्यात सेकंडहँड घेतली तेव्हा २१ हजार किलोमीटर चालली होती. मी बँकेत नोकरीला, तेव्हा कोथरूडच्या शाखेत होते आणि राहायला वारज्यात. चालवायला शिकले ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. शिकवणाऱ्यांच्या बाजूला वेगळे क्लच-ब्रेक होते. गाडी बंद पडू नये म्हणून क्लच बऱ्याचदा तेच दाबून धरायचे आणि मला सांगायचे, "पाय क्लचवरच राहू द्या, केव्हा लागेल सांगता येत नाही." मी ते वाक्य सहा वर्षं पाळलं. त्यात कर्वे रस्त्यावर तेव्हा मेट्रोचं काम चाललेलं. पत्र्यांच्या दोन भिंतींमधून गाडी पाऊल पाऊल सरकायची. अर्धा क्लच, दोन फूट पुढे, ब्रेक. पुन्हा अर्धा क्लच. माझा डावा पाय आणि डावा हात त्या रस्त्यावर घडले.

२०२२ मध्ये चिपळूणला बदली झाली. माहेर कऱ्हाडला, आप्पा तिथे एकटे, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी घाट ठरलेला. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, शुक्रवारी संध्याकाळी निघायचं. आवाज पहिल्यांदा आला तो जानेवारीत, गाडी थंड असताना. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत दुसरा गिअर जरा अडखळायचा, मग नीट व्हायचा. थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. मार्चमध्ये गाडी गरम असतानाही अडखळायला लागला.

तेव्हा एका जवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने गाडी चालवूनही पाहिली नाही. "तेल पातळ झालंय, जाड टाकू, आवाज बसेल." टाकलं. आठवडाभर खरंच बसल्यासारखा वाटला. मग सकाळी दुसरा गिअर मुळीच पडेना, दोन्ही हातांनी लिव्हर ओढावीशी वाटे. कोणतं तेल टाकलं, ते माझ्या गाडीला चालतं का, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. गाडीसोबत आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. त्यात जीएल-४ प्रतीचं, ७५ डब्ल्यू ९० तेल स्पष्ट लिहिलेलं होतं. ते पान मी उघडलं ते ऑगस्टमध्ये.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी आप्पा स्वतः कऱ्हाडहून एसटीने आले आणि आम्ही गाडी खेर्डीतल्या एका मेस्त्रींकडे नेली. आप्पांच्या ओळखीतल्या कोणीतरी सुचवलेले. साठीच्या आसपासचे, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी चालकाच्या जागेवर बसले, पायाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे मॅट कधी टाकलंत मॅडम?"

पावसाळ्यात चिखल होतो म्हणून दोन वर्षांपूर्वी मी जाड रबरी मॅट टाकलं होतं, खालचं मूळचं मॅट न काढता. त्यांनी मला बसवून क्लच दाबायला लावला आणि पेडलच्या मागे हात घालून दाखवलं. पेडल मॅटवर टेकत होतं आणि अजून दोन बोटं जायचं बाकी होतं. वर माझी सीटही मागे. म्हणजे क्लच मी पूर्ण दाबतेय असं मला वाटायचं, पण इंजिनला गिअरबॉक्सशी जोडणारी क्लचची प्लेट पुरती सुटतच नव्हती. इंजिन गिअरबॉक्सला थोडं थोडं ओढत राहायचं आणि त्या ओढीविरुद्ध मी गिअर टाकायचे. मॅट काढलं तेव्हा दुसरा गिअर लगेच थोडा हलका झाला. मला वाटलं, झालं, एवढंच होतं. मेस्त्रींनी मान हलवली. "कारण एक सापडलं. आता नुकसान बघू."

पुढची पंधरा मिनिटं ज्यांना आपली गाडी तपासून घ्यायची आहे त्यांनी नीट वाचावीत, कारण यातलं काहीही करायला पाना लागत नाही. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला. घूंऽऽ असा बारीक आवाज येत होता. क्लच दाबला की बंद. सोडला की पुन्हा. मेस्त्री म्हणाले, हे इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचं बेअरिंग, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो आणि आवाजही थांबतो. क्लच दाबल्यावर आवाज आला असता तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, समजायचं. मग क्लच दाबून, पाच सेकंद मनात मोजून रिव्हर्स टाकला. अलगद पडला. म्हणजे मॅट काढल्यावर क्लच आता पूर्ण सुटतोय. मॅट असताना तोच रिव्हर्स करकरायचा, हे मला आठवलं. शेवटी कऱ्हाड रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावला. इंजिनचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला, गाडी मात्र तिथेच. क्लच प्लेट घसरत होती.

"गिअरबॉक्स उतरवावा लागेल," मेस्त्री म्हणाले. मी रजा टाकली आणि सांगितलं की उघडताना मला बघायचंय. त्यांनी एक स्टूल दिलं.

आधी तेल काढलं. ड्रेन प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाची, काजळासारखी मऊ पेस्ट जमली होती. ती थोडीफार असणारच, लोखंडाचा कीस आहे, म्हणाले. मग त्यांनी घमेल्यातल्या तेलात बोट बुडवलं आणि दाराशी जाऊन उन्हात धरलं. बोटावर सोनेरी चूर चमकत होता. जरीच्या पदरावरून हात फिरवल्यावर बोटाला लागतो तसा, अगदी बारीक. "हे चुंबकाला चिकटत नाही. हे पितळ आहे. ही तुमची रिंग."

गिअरबॉक्सच्या आत काय चालतं याची माझी समजूत पूर्णपणे चुकीची होती. लिव्हर ओढली की दातेरी चाकं सरकून एकमेकांत जाऊन बसतात, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात पुढे जाणाऱ्या पाचही गिअरांचे दाते एकमेकांत कायमचे गुंतलेले असतात. शाफ्टवर ते मोकळे फिरत असतात आणि लिव्हर फक्त एक स्लीव्ह, म्हणजे आतून दाते असलेलं कडं, सरकवून त्यातल्या एकाला शाफ्टशी जखडते. अडचण अशी की शाफ्टचा वेग आणि त्या गिअरचा वेग सारखा नसतो. दोन्ही जुळल्याशिवाय स्लीव्ह आत जाऊ शकत नाही. जुळवायचं काम करते ती पितळेची रिंग. बांगडीएवढीच असते. आतल्या बाजूला आट्यांसारख्या बारीक कडा, तेलाचा थर कापायला. लिव्हर ढकलली की ही बांगडी गिअरच्या निमुळत्या कोनावर दाबली जाते, घासते, त्याला आपल्या वेगावर आणते आणि मग स्लीव्हला वाट देते. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. लिव्हर टाकताना मध्येच जो हलका अडथळा जाणवतो, तो म्हणजे रिंग आपलं काम करतेय. मी तो अडथळा सहा वर्षं ढकलून पार करत होते.

मेस्त्रींनी नवी रिंग गिअरच्या कोनावर ठेवली, अंगठ्याने दाबली आणि फिरवून पाहिली. घट्ट पकडली. फीलर गेजची पातळ पट्टी घालून मधली फट मोजली, एक मिलिमीटरच्या थोडी वर. मग माझी दुसऱ्या गिअरची जुनी रिंग ठेवली. ती कोनावर खोल जाऊन बसली आणि अंगठ्याखाली निसटून फिरली. फट अर्धा मिलिमीटरसुद्धा भरेना. आतल्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, आजीच्या हातातल्या जुन्या पाटलीसारख्या. गिअरच्या कडेचे छोटे टोकदार दाते, ज्यांत स्लीव्ह जाऊन बसते, त्यांची टोकं बोथट झालेली. ती खरखर म्हणजे या टोकांवर स्लीव्हचे दाते आपटण्याचा आवाज. प्रत्येक वेळी थोडं थोडं टोक झडत होतं.

मग एकेक पार्ट फडक्यावर मांडत गेले आणि प्रत्येकावरून मला प्रश्न विचारत गेले. डॉक्टर विचारतात तसे, दोष न देता.

क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली, ती इंजिनच्या ज्या चाकावर दाबली जाते त्या फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळे डाग. "चढावर गाडी क्लचवर तोलून धरता?" हो. चांदणी चौकाच्या चढावर रोजच धरायचे, हँडब्रेक ओढायचा कंटाळा.

रिलीज बेअरिंग हाताने फिरवलं तर खडबडीत. "सिग्नलला पहिला टाकून क्लच दाबून उभ्या राहता?" हो. सिग्नल सुटला की मागचे हॉर्न वाजवतात म्हणून तयार असायचे. नव्वद सेकंदांचा सिग्नल असला तरी.

पहिल्या गिअरची रिंगही अर्धी गेलेली. "गाडी पूर्ण थांबायच्या आत पहिला टाकता?" हो. स्पीडब्रेकरवर गाडी सरकत असतानाच पहिला घुसवायचे. हा गिअर उभ्या गाडीसाठी आहे, दहा-पंधराच्या वेगालाही दुसऱ्यानेच काम होतं, हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या-पाचव्याच्या रिंगा जवळपास नव्या.

स्लीव्ह सरकवणाऱ्या सेलेक्टर फोर्कच्या टोकाला एका बाजूने चकाकी आलेली. "हात लिव्हरवर ठेवून चालवता?" हो. पण इथे ते स्वतःच म्हणाले की याने फार काही बिघडलं नाहीये. फोर्क फिरत्या स्लीव्हवर नुसता टेकलेला राहतो, झीज होते, पण हळूहळू. या सवयीबद्दल जितकं बोललं जातं तितका तिचा वाटा माझ्या गाडीत तरी नव्हता. खरा घात केला तो घाईने. वेग न उतरवता तिसऱ्यावरून दुसरा ओढायचा आणि तोही अर्धवट दाबलेल्या क्लचवर. त्यावर जाड तेल. ज्या तेलाचा थर त्या बारीक कडांनी कापायचा, तेच इतकं दाट की गाडी थंड असताना रिंगेला पकडच मिळेना. शिवाय ते जीएल-५ प्रतीचं निघालं. त्यात गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. मोठ्या गाड्यांच्या डिफरन्शिअलला ते लागतंच, पण पितळेला ते मानवेलच असं नाही.

दुसऱ्या गिअरबद्दल मेस्त्रींनी निर्णय माझ्यावर सोडला. नुसती रिंग टाकली तर खर्च कमी, पण नव्या रिंगेशेजारी बोथट दाते राहिले तर वर्षभरात पुन्हा इथेच यावं लागेल. मी गिअरही बदलायला सांगितला. पहिल्या तीन रिंगा, दुसरा गिअर आणि त्याची हब-स्लीव्ह, इनपुट शाफ्टचं बेअरिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, ऑइल सील, लेथवर नेऊन फ्लायव्हीलचं फेसिंग, तेल आणि मजुरी. बिल २७,६०० रुपये. माझ्यासाठी ही रक्कम लहान नव्हती. पण पैसे देताना मनात सारखं हेच येत होतं की फडक्यावरच्या एकाही पार्टमध्ये कारखान्याची चूक नव्हती.

गाडी घेऊन निघाले तेव्हा मेस्त्रींनी एकच सांगितलं, पहिले पाचशे किलोमीटर क्लचला जपा, प्लेट बसू द्या. बाकी आप्पांनी हातात घेतलं.

पुढच्या रविवारी कऱ्हाडला पहाटे साडेपाचला आप्पांनी मला उठवलं आणि आम्ही पाटण रस्त्याला लागलो. मल्हारपेठच्या पुढे कोयनेच्या काठाने रस्ता बराचसा सपाट आहे, त्या वेळी वाहनंही थोडी. आप्पांनी आधी सीट पुढे घ्यायला लावली, इतकी की क्लच तळाशी टेकल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहावा. मग म्हणाले, "डावा पाय काढ. जमिनीवर ठेव." मी ठेवला. शंभर मीटरही गेले नसेन, पाय परत पेडलवर. मला कळलंसुद्धा नाही. आप्पांनी बघून सांगितलं. पुन्हा काढला. पुन्हा गेला. त्या सकाळी तासाभरात तो पाय किती वेळा आपसूक क्लचवर गेला याची मोजदाद नाही. सवय अंगात किती खोल असते हे मला त्या दिवशी उमगलं. शेवटी आप्पांनी पायाशी एक सुपारी ठेवली, टाचेखाली. "ही निसटू द्यायची न्हाय." सुपारी निसटली की आवाज व्हायचा आणि मला कळायचं. क्लच लागेल तेव्हा पाय उचलायचा, काम झालं की पुन्हा टाच सुपारीवर. तीन आठवडे ती सुपारी गाडीत होती.

मग हात. लिव्हर मुठीत धरायची नाही, तळव्याने सरकवायची. न्यूट्रलमध्ये आणायची, तिथे क्षणभर थांबायचं, मग पुढे. "दारावर थाप मारावी आन् आतनं कडी निघूस्तवर उभं ऱ्हावं, तसं," आप्पा म्हणाले. त्यांना रिंग, कोन, हब यांतलं काही मी सांगितलं नव्हतं. पण ते ज्याला कडी म्हणत होते ती मी फडक्यावर पाहिली होती. लिव्हर त्या हलक्या अडथळ्याशी आली की मी दाब तेवढाच ठेवायचे, वाढवायचे नाही. अडथळा आपोआप विरघळायचा आणि गिअर आत ओढल्यासारखा जायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. आप्पा हसले.

रेसचा धडा मात्र मी आधी चुकीचा समजले. गिअर उतरवताना थोडी रेस द्यावी एवढं मला माहीत होतं, म्हणून मी क्लच दाबून, दुसरा टाकून, रेस देऊन क्लच सोडायला लागले. झटका गेला, गाडी गुळगुळीत उतरायला लागली. पण आप्पा म्हणाले, ह्यानं क्लच वाचतो, गिअर वाचत न्हाय. घरी येऊन कागदावर चित्र काढलं तेव्हा पटलं. क्लच दाबलेला असताना इंजिनला दिलेली रेस गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही. इनपुट शाफ्टचा वेग वाढवायचा तो त्या बिचाऱ्या बांगडीलाच. बांगडीचं ओझं उतरवायचं असेल तर डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, आता रेस द्यायची म्हणजे शाफ्टही वेगात येतो, पुन्हा क्लच दाबून दुसरा. आप्पांच्या सुरुवातीच्या काळातल्या गाड्यांत अशा रिंगा नव्हत्या, त्यामुळे हे प्रत्येक गिअरला करावं लागे. पंचेचाळीस-पन्नास माणसं घेऊन, पावसात, वळणावर. रिंगेचं काम हे लोक कानाने करत होते. माझ्या गाडीत रोज याची गरज नाही आणि मी ते रोज करतही नाही. आधी ब्रेकने वेग उतरवून, मग सावकाश गिअर उतरवला तर रिंगेला तेवढं पुरतं. पण घाट चढताना दुसरा घ्यायची वेळ आली की मी डबल क्लच करते. पायाला जमायला दोन महिने लागले.

उताराबद्दल आप्पा कडक आहेत. घाट ज्या गिअरने चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा त्यांचा नियम. मला पूर्वी उतारावर न्यूट्रल मारायची सवय होती, पेट्रोल वाचतं म्हणून. एसटीत प्रत्येक चालकाचं केपीटीएल, म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर काढले, ते डेपोत लिहिलं जायचं. त्यामुळे न्यूट्रलचा मोह काय असतो हे आप्पांना चांगलं ठाऊक होतं. "दहा लिटरमागं दोन किलोमीटर वाढवायला मागच्या पन्नास जणांचा जीव टांगायचा का?" एवढंच म्हणाले. इंजिनची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होतात, आणि अचानक गिअर टाकायची वेळ आली तर वेगातला एवढा फरक भरून काढायला पुन्हा ती रिंगच. शिवाय आजकालच्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत वाचतही काही नाही. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोल बंदच होतं, चाकंच इंजिनला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं. आता घाटमाथ्यावरून पोफळीपर्यंत मी दुसऱ्या-तिसऱ्यात उतरते आणि ब्रेक वळणापुरता लावते.

चढावर थांबायची वेळ आली की हँडब्रेक. सुरुवातीला मागे ट्रक असला की छातीत धडधडायचं. हँडब्रेक ओढलेला, पहिला टाकलेला, क्लच हळूहळू सोडत गाडीचं नाक किंचित वर उचललं गेलं की हँडब्रेक सोडायचा. क्लच दोन-तीन सेकंद घासतो, बस. पूर्वी मी तो मिनिटभर घासत उभी राहायचे. सिग्नलला आता न्यूट्रल, पाय जमिनीवर. चिपळूणच्या चिंचनाक्यावर गर्दीत अडकले तरी पुढे गाडीभर जागा होईपर्यंत थांबते आणि मग एकदाच पुढे जाते. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना आवर्जून सांगते. क्लचखाली दोन मॅट घालू नका. माझ्या शाखेतल्या तिघांच्या गाड्या मी पार्किंगमध्ये वाकून पाहिल्या, दोघांची पेडलं मॅटवर टेकत होती. त्यातल्या एकीचा रिव्हर्स करकरत होता. मॅट काढल्यावर थांबला.

यंदाच्या फेब्रुवारीत दुरुस्तीनंतरचे दहा हजार किलोमीटर झाले. एवढ्यात तेल बदलायची गरज नव्हती, मेस्त्रींनीही तसंच सांगितलं. पण मीच हट्ट धरला. उघडलेल्या गिअरबॉक्समधलं पहिलं तेल आहे, काढून बघू या. आप्पा बरोबर होते. गाडी वर घेतली, घमेलं खाली सरकवलं, प्लग सुटला. मधाच्या रंगाचं तेल धारेने पडायला लागलं. चुंबकावर थोडी करडी पेस्ट होती, मेस्त्रींनी ती फडक्याने पुसली आणि तांब्याचं नवं वॉशर लावलं.

मी तेलात बोट बुडवलं आणि दाराशी उन्हात जाऊन उभी राहिले. आप्पाही मागोमाग आले, चष्मा कपाळावर सरकवून माझं बोट त्यांनी डोळ्यांजवळ नेलं. इकडून तिकडून फिरवलं.

काहीच चमकत नव्हतं.